छोट्या स्क्रीनच्या लाँचरमध्ये गट नकोतच, माझा अनुभव सांगतो

तू विचारलंयस की रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला साडेतीन इंची टचस्क्रीन लावून गोदामात माल मोजायचं हँडहेल्ड बनवतोयस, तर लाँचरमध्ये, म्हणजे प्रोग्राम उघडायच्या पहिल्या स्क्रीनवर, डेस्कटॉपसारखे ऑफिस, युटिलिटी, सिस्टिम असे गट ठेवायचे की सरळ आयकॉनची जाळी. जाळीच ठेव, गट पूर्ण काढून टाक.

हे गट येतात लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रामची माहिती देणाऱ्या डॉट डेस्कटॉप फाइलमधल्या कॅटेगरीज ओळीतून आणि ती ओळ प्रोग्राम बनवणाऱ्याने त्याच्या समजुतीने भरलेली असते. मी इथे इंदूरला मामांच्या दुकानासाठी, एमटी क्लॉथ मार्केटमध्ये, असंच यंत्र करून दिलं होतं, पहिल्या दिवशी मामा म्हणाले, अरे मला थान (कापडाचे तागे) मोजायचेत, हे युटिलिटी काय आहे? बरोबरच होतं त्यांचं, एका हातात कापड धरलेल्या माणसाने दोन मेनू उघडून मोजणी का शोधायची. मग मी गट उडवले, नको ते सगळं त्याच फाइलमध्ये नोडिस्प्ले ट्रू करून लपवलं आणि टाइलवर, म्हणजे आयकॉनच्या चौकोनावर, प्रोग्रामचं नाव न लिहिता कामाचं नाव लिहिलं, 'थान मोजणी', 'आवक', 'बिल'. दुकानातली पोरं हिंदीवाली, म्हणून नावाची नेम ओळ हिंदीतही वेगळी दिली, लोकेल म्हणजे यंत्राची भाषा बदलली की आपोआप तीच दिसते. नोकियानेसुद्धा २००५ च्या ७७० टॅब्लेटवर डाव्या पट्टीतून उघडणारा मेनू दिला होता आणि २००९ च्या एन९०० फोनला बोटाने दाबायची जाळी आणली.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, टाइलची जागा कधीही हलवू नकोस. मी हौसेने 'जास्त वापरलेलं वर' असं केलं होतं. आठवड्याभरात तिथला एक मुलगा न बघता दाबायला शिकला होता आणि ज्या दिवशी क्रम बदलला त्या दिवशी त्याने मोजणीऐवजी बिल उघडून आकडे भरले, संध्याकाळी हिशोब जुळेना. त्याच रात्री ते फीचर काढलं. हाताला सवय लागलेली असते, तिला आपण हात लावायचा नाही.

मापाचं म्हणशील तर ४८० बाय ३२० ची साडेतीन इंची स्क्रीन म्हणजे इंचाला साधारण १६५ पिक्सेल, बोटाला ९ मिलिमीटर तरी जागा लागते म्हणजे ५८-६० पिक्सेल, ते झालं कमीत कमी. मी वर ४० पिक्सेलची पट्टी सोडून १६० बाय १४० च्या सहाच टाइल ठेवल्या. स्वस्तातल्या ह्या स्क्रीन बहुतेक रेझिस्टिव्ह, म्हणजे दाब पडल्यावर चालणाऱ्या, असतात, कडेला बोट नीट ओळखत नाहीत आणि स्वाइप तर विसरच, म्हणून दुसरं पान लागलंच तर मोठं बाणाचं बटण दे.

आता नवीन माणूस हमखास चुकतो ती गोष्ट. ॲप उघडायला तीन-चार सेकंद लागतात, तोवर स्क्रीनवर काही हललं नाही की माणूस परत दाबतो, परत दाबतो आणि एकाच प्रोग्रामच्या तीन कॉप्या उघडून मेमरी भरते. दाबल्याबरोबर टाइलचा रंग बदल, 'उघडतंय' लिही आणि विंडो येईपर्यंत ती टाइल बंद ठेव, पण दहा सेकंदांचा टाइमआउट लाव नाहीतर प्रोग्राम मधेच मेला तर टाइल कायमची अडकेल. प्रोग्राम आधीच चालू असेल तर नवीन कॉपी न काढता तीच विंडो पुढे आण. ॲनिमेशन नको, एसपीआय जोडणीवरची स्क्रीन हळू रंगते, तुकडे तुकडे दिसतात.

मराठी नावं दाखवणार असशील तर इमेजमध्ये, म्हणजे यंत्रावर टाकायच्या सिस्टिमच्या प्रतीत, देवनागरी फॉन्ट आधी टाक, छोट्या इमेजमध्ये तो बरेचदा नसतोच आणि नुसते चौकोन येतात. स्क्रीन बनवायला जीटीके किंवा क्यूटी लायब्ररी वापरलीस तर अक्षरं बरोबर जुळतात, पण टेक्स्ट शेपिंग (अक्षरं-मात्रा जुळवणं) नसलेल्या लायब्ररीने स्वतः रंगवायला गेलास तर 'बिल' मधली वेलांटी ब च्या उजवीकडे जाऊन बसते. ओळीची उंची जरा जास्त दे, वरचे मात्रे आणि खालचे उकार कापले जातात.

आणि परत लाँचरवर यायला स्क्रीनवरचं बटण नको रे भिया, खरं दाबायचं बटण लाव. जीपीआयओच्या, म्हणजे पायवरच्या जोडणीच्या पिनांपैकी, एका पिनला साधा स्विच जोडून कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-की ओव्हरलेची (त्या पिनची ओळख देणारी) ओळ टाकलीस की लिनक्सला ती कीबोर्डची कळच वाटते, फक्त तुझ्या स्क्रीनने कुठल्या पिन घेतल्यात ते आधी बघ. अडलास तर वायरिंगचा फोटो टाक, बघतो.