सुनेला नका समजावू, सासूशी बोला

ताई, तुम्ही लिहिलंय की घरकामाला येणाऱ्या मावशींची लेक भिवापूरकडे सासरी आहे, गरोदरपणाचा पाचवा महिना लागला तरी एकही तपासणी नाही, आणि फोनवर कितीही सांगा, 'हो ताई, जाते' एवढंच म्हणते. ती खोटं बोलत नाही. जायचं की नाही हे तिच्या हातातच नाही. नोकरीभर नर्सबाई म्हणून गावं फिरले, त्यावरून सांगते: मावशींनी विहिणीशी बोलावं.

आणि सासूला अडाणी समजून बोलू नका. तिचा हिशेब पक्का असतो. मिरचीच्या हंगामात सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या निवडतात त्या जागी, देठ तोडायला गेलं तरच मजुरी, म्हणजे दवाखान्याचा दिवस बुडाला. सोबत जाणाऱ्याचाही बुडाला. त्यात लेबर रूममध्ये कुणाच्या तरी सुनेवर कुणी ओरडलेलं असतं, ते शब्द अख्ख्या गावाला पाठ असतात. 'तिथं नेलं की सिझरच करतात' हेही असतंच. "नेमकं काय खटकतं?" एवढं विचारा आणि ऐकून घ्या.

गोळ्या मिळाल्या म्हणजे खाल्ल्या, असंही नाही. पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली लोहाच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी सापडायची. का, तर संडास काळी होते, बाळ काळं होतं, बाळ मोठं होऊन अडतं. यातलं पहिलं खरं आहे! ते आपणच आधी सांगावं, मग बाकीचं खोटं म्हटलेलं पटतं. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही. चहानं लोह अंगी लागत नाही.

आपल्या विदर्भात सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून बाळाला येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी अजिबात सोडू नका. ती वाहक निघाली, म्हणजे स्वतःला आजार नसून बाळाला देऊ शकणारी, तर नवऱ्याचंही रक्त लगेच तपासायचं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. फक्त हे सांगताना 'सुनेतच खोट' असा अर्थ निघू देऊ नका, नाहीतर पुढच्या तपासण्या बंद झाल्याच समजा.

पैशाचं म्हणाल तर 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण फुकट. न्यायला-सोडायला 102 ची गाडीही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांना डॉक्टर स्वतः तपासतात. आशाताईला सोबत घेऊन तोच दिवस धरा, रक्त, लघवी, बीपी एका खेपेत होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथं नागपुरात, डागा किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यात. घोळ असा होतो की तपासण्यांचं कार्ड सासरीच राहतं आणि ऐन कळांत रक्तगटापासून सुरुवात करावी लागते. सातव्यात ओटी भरून आणतील तेव्हाच कार्ड पिशवीत टाकायला सांगा, आणि आल्याच्या आठवड्यात इथं नाव घाला. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज किंवा अंगावरून रक्त जाणं, यातलं काहीही दिसलं तर मात्र 9 तारखेची वाट बघायची नाही, सरळ 108 लावायचा.