वाचकांचे प्रश्न : गाडीमागे नेता येणारी शिडाची होडी

उन्हाळा जवळ आला की पुणे परिसरातल्या वाचकांची पत्रं येऊ लागतात. वाऱ्यावर चालणारी छोटी होडी घ्यायची असते, पण कोणती ते ठरत नाही. यंदाच्या पत्रांमधले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी शिडाची होडी चालवायला शिकलो आहोत. पत्नी कधीतरी सोबत येईल. गाडी हॅचबॅक आहे. लेझर, एंटरप्राइज, वेफेअरर आणि मिरर या चार नावांशी येऊन अडलो आहे. तुम्ही कोणती घ्याल? (कोथरूड)

आम्ही मिरर घेऊ. बाकीच्या तिन्ही होड्या तिच्यापेक्षा वेगवान आहेत, तरीही.

कारण पाण्यावर नाही, काठावर आहे. आपल्या धरणांच्या काठाला बांधलेला उतार क्वचितच सापडतो. डिसेंबरात पाणी रस्त्यालगत असतं, मे महिन्यात तेच रस्त्यापासून शे-दीडशे मीटर दूर, खाली गेलेलं असतं आणि मध्ये भेगाळलेला गाळ, दगड, जुन्या झाडांचे बुंधे. होडी तिथून हाताने न्यायची आणि दमल्यावर हातानेच परत वर आणायची. उतार आठास एक धरला, तर हातगाड्यासकट होडीच्या वजनाचा साधारण आठवा भाग ओढावा लागतो. मिररचं नुसतं सांगाडा-वजन ४५.५ किलो. काठ्या, शीड, हातगाडा धरून ऐंशी-नव्वद झालं तरी ओढ दहा-अकरा किलोंची. वेफेअररचं सांगाडा-वजन १६९ किलो, सगळं मिळून सव्वादोनशेच्या पुढे, म्हणजे ओढ २८-३० किलोंची. ओल्या गाळात चाकं रुतली की हे आकडे सहज दुप्पट होतात. तुमच्यासोबत हात लावायला दहा वर्षांची मुलगी आहे, हे इथे लक्षात घ्या.

मिररची लांबी ३.३० मीटर, रुंदी १.३९ मीटर. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती घरी बांधता यावी म्हणूनच आखली. नाक टोकदार नाही, आडवं कापलेलं आहे, त्यामुळे लहान लांबीतही आत बसायला ऐसपैस जागा मिळते. समोरून छोट्या लाटा आल्या की त्याच नाकावर त्या थापा मारतात, वेग तुटतो आणि पुढे बसलेला भिजतो. हे मान्य करूनच ती घ्यावी.

तिची खरी करामत डोलकाठीत आहे. डोलकाठी आखूड असते आणि शिडाचा वरचा भाग एका वेगळ्या काठीवर जवळजवळ उभा चढतो. सगळ्या काठ्या होडीच्या लांबीत मावतात. ट्रेलरमागे काही लोंबत नाही आणि डोलकाठी एकट्याने उभी करता येते. मात्र वरची काठी डोलकाठीला घट्ट चिकटून उभी राहायला हवी. ती मागे कलली की शिडात तिरकी घडी पडते आणि होडी वाऱ्याच्या दिशेने चढायला नकार देते. नवशिके शिडाला दोष देतात, दोष बहुतेक वेळा सैल राहिलेल्या दोरीचा असतो. वारा पडला तर वल्हीही मारता येतात, आणि आपल्या धरणांवर संध्याकाळी वारा पडतोच.

आता बाकीच्या तीन. लेझरची लांबी ४.२ मीटर, वजन ५९ किलो, शीड ७.०६ चौरस मीटर. पंधरा मिनिटांत तयार होते, उलटली तरी पाणी आपोआप निघून जातं. एकट्यासाठी हिच्याइतकी चांगली होडी नाही, पण दोघांना ती अडचणीचीच. एंटरप्राइज, तीही जॅक होल्टचीच, १९५६ची. निळ्या शिडांवरून लगेच ओळखू येते, दोन मोठ्या माणसांना शर्यतीची मजा देते. मात्र ९० किलोंच्या वर वजन आणि १०.५ चौरस मीटर शीड. उलटली की पोटात भरपूर पाणी घेते, ते उपसताना मूल सोबत असेल तर फार त्रास होतो.

वेफेअररबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. इयन प्रॉक्टर यांनी १९५७ साली आखलेल्या या ४.८२ मीटरच्या उघड्या होडीतून फ्रँक डाय स्कॉटलंडहून आइसलंडपर्यंत गेले होते. चौघांचं कुटुंब असेल आणि होडी काठावरच कायमची ठेवायची सोय असेल, तर तीच घ्या. दर रविवारी ओढत नेणार असाल तर नको.

छतावरून मिरर नेण्याचा विचार असेल तर आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. छताच्या मर्यादेत कॅरिअरचं वजनही धरलेलं असतं. बहुतेक वेळा हिशेब बसत नाही, छोटा ट्रेलरच बरा.

प्रश्न : वापरलेली लेझर मिळते आहे. वरून रंग चकचकीत आहे. घेण्यापूर्वी काय तपासावं? (निगडी)

रंग सगळ्यात शेवटी पाहा. आधी वजन करा. घरातले दोन वजनकाटे पुढे-मागे ठेवून होडी त्यांवर टेका आणि दोन्ही आकडे मिळवा. ५९-६० आलं तर उत्तम. ६५च्या पुढे गेलं तर आतल्या फोमने पाणी प्यायलं आहे असं समजा.

मग डोलकाठीचं भोक. लेझरची डोलकाठी डेकमधल्या एका नळीत नुसती उभी असते, वाऱ्याचा सगळा जोर त्या नळीच्या बुडावर येतो. नळी काठोकाठ पाण्याने भरा, पेन्सिलीने रेघ मारा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. पाणी केसभरही उतरलं तर सांध्याला चीर आहे. चालत्या वाऱ्यात हा सांधा सुटला तर डोलकाठी डेक फाडून पुढे आडवी होते. दुरुस्ती होते, पण त्यासाठी डेकला भोक पाडून आतून फायबरग्लासचे थर द्यावे लागतात. तो खर्च किमतीतून वजा करून बोला.

पुढे डेकवर, विशेषतः आपण जिथे बसतो तिथे आणि डॅगरबोर्डच्या (तळातून पाण्यात खाली सरकवायच्या फळीच्या) फटीभोवती, अंगठ्याने दाबत जा. कडक भाग टणटण वाजतो, सुटलेला भाग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा दबतो आणि आवाज बोदा येतो. हाताएवढा एखादा भाग चालेल. दोन्ही बाजू दबत असतील तर सोडून द्या. होडी उलटी करून तळावर खाचा पाहा. अरुंद फळ्यांवर ठेवलेल्या होड्यांचा तळ तिथेच बसतो. म्हणूनच लेझर तळावर न टेकवता कडांवर तोलून ठेवायची असते.

डोलकाठीचे दोन तुकडे असतात. वरचा तुकडा सपाट फरशीवर लोळवा. टोक डुलत असेल तर तो वाकला आहे. दोन तुकडे जिथे एकमेकांत बसतात, तिथल्या रिव्हेटभोवती बारीक चीर आहे का तेही नखाने चाचपा, बहुतेक वेळा तो तिथेच मोडतो.

तुमचं वजन ६०-७० किलो असेल तर रेडिअलचा (लेझरच्याच छोट्या शिडाच्या प्रकाराचा) खालचा तुकडा आणि ५.७६ चौरस मीटरचं शीड मिळतंय का पाहा. होडी तीच राहते, वरचा तुकडाही तोच.

प्रश्न : ट्रेलरच्या एका चाकाचं बेअरिंग ताम्हिणी उतरताना जाम झालं. ग्रीस तर दरवर्षी भरतो. मग असं का व्हावं? (सिंहगड रोड)

ग्रीस भरता ते बरोबर, पण होडी उतरवताना ट्रेलर चाकांसकट पाण्यात घालता का? जवळजवळ नक्की तेच कारण. दीड तासाच्या प्रवासात हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) तापलेला असतो, आतली हवा प्रसरण पावलेली असते. तो गार पाण्यात बुडाला की हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंगला गंज धरतो आणि पुढच्या घाटात ते धरून बसतं. समुद्राचं पाणी असेल तर एक मोसमही टिकत नाही.

उपाय सोपा : ट्रेलर कोरड्यावरच ठेवा आणि होडी हलक्या हातगाड्यावर उतरवा. तसं शक्य नसेल तर पोचल्यावर हबला हात लावून पाहा आणि तो गार होईपर्यंत, निदान अर्धा तास, थांबा. तेवढ्यात शीड जोडून होतं. नवं बेअरिंग बसवताना सीलही नवंच घाला. नट पूर्ण आवळून मग इतपतच सैल करा की चाक हाताने मोकळं फिरेल, पण वर-खाली हलवलं तर खडखडणार नाही. एक बेअरिंग, एक सील, ग्रीस आणि एक स्पेअर चाक सोबत ठेवाच.

भार कसा ठेवता तेही तपासा. हिचवर (ट्रेलर गाडीला जोडतात तिथे) एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार हवा. त्याहून कमी असेल तर ट्रेलर उतारावर शेपटीसारखा हलू लागतो. असं झालं तर ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडून गाडी सरळ धरा. ट्रेलरची आरटीओ नोंदणीही करून घ्यावी लागते, हे बरेच जण विसरतात.

प्रश्न : मिररसारखी होडी घरी बांधायची आहे. पुण्यात प्लाय आणि रेझिन कोणतं घ्यावं? (चिंचवड)

प्लायवर आयएस ७१० हा शिक्का हवा, तो मरीन प्लायचा. आयएस ३०३चा प्लाय फर्निचरसाठी असतो, दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे' म्हणाला तरी घेऊ नका. शिक्क्यावरही पूर्ण विसंबू नका. तळहाताएवढा तुकडा पातेल्यात सात-आठ तास उकळा, उन्हात वाळवा, पुन्हा उकळा. कडेच्या थरांत नख शिरलं तर तो प्लाय बाद. कापलेल्या कडेकडे नीट पाहा. मधल्या थरांत पोकळी दिसली, तर तिथे पाणी साचून आतून कुजणार.

फळ्या तांब्याच्या तारेने शिवून सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी चिकटवायची, अशी ही पद्धत. रेझिन इपॉक्सीच घ्या. पॉलिएस्टर स्वस्त पडतं, पण लाकडावर त्याची पकड कमी, दोन-तीन पावसाळ्यांत पट्टी कडेने उचलते.

दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे एप्रिलच्या उन्हात रेझिन आणि ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचं अर्धा किलो मिश्रण एकाच डब्यात करणं. ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर निघतो आणि पाच मिनिटांत दगड होतं. एकावेळी १०० ते १५० ग्रॅमच करा आणि लगेच पसरट ताटलीत ओता, म्हणजे उष्णता निघून जाईल. हार्डनर संथ जातीचा घ्या आणि डब्यावरचं प्रमाण काट्यावर मोजा, अंदाजाने ओतू नका. दुसरी चूक पावसाळ्यात होते. दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणचट साय येते. साध्या पाण्याने आणि घासणीने ती धुवा, कोरडं करा, घासा, मगच पुढचा थर द्या. नाहीतर वरचा थर सोलून निघेल. दिवाळीनंतरचे तीन महिने या कामाला सर्वांत चांगले. शेवटी रंग द्यायलाच हवा, उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुसभुशीत होतं.

प्रश्न : होबी १६ की केबिनवाली कॅटलिना २२? बजेटची अडचण नाही. (बाणेर)

धरणासाठी दोन्ही नकोत. होबी १६ ही दोन सांगाड्यांची होडी वाळूच्या किनाऱ्यासाठी जन्मली. डॅगरबोर्ड नाही, रुंदी २.४१ मीटर, वजन १४५ किलो, वेग अफाट. उलटली तर ती सरळ करायला दोन मोठी माणसं लागतात. आणि तिची डोलकाठी आठ मीटरची, ॲल्युमिनियमची. काठावर किंवा बॅकवॉटरवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. डोलकाठी उभी करण्याआधी वर पाहा, उभी असताना होडी ढकलत नेण्याआधी पुन्हा पाहा. कोकणात घर असेल तर मात्र जरूर घ्या.

कॅटलिना २२ एक टनाच्या वर जाते आणि तिची कील (तळाखालचं जड पातं) खाली सोडली की दीड मीटर पाणी लागतं. ट्रेलरसकट तेवढं वजन घाटातून दर आठवड्याला न्यायची होडी ती नव्हे.

प्रश्न : होडी घेतली. आता कुठे आणि कधी उतरवायची? उलटली तर काय करायचं? (वारजे)

आधी परवानगी. खडकवासला, पानशेत ही पिण्याच्या पाण्याची धरणं आहेत, जलसंपदा विभागाच्या कार्यालयातून लेखी उत्तर घ्या. खडकवासल्याच्या काही भागावर एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा) ताबा आहे, तिकडे वळू नका. मुळशीचं धरण टाटांचं आहे, तिथे त्यांना विचारायचं.

मार्च ते मे या काळात सकाळी पाणी आरशासारखं असतं आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा चढतो. पाण्यावर सगळीकडे पांढरे फेस दिसू लागले की वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेला. मूल सोबत असेल तर तेव्हाच शीड कमी करा. डोंगरांच्या कुशीत वारा दिशा बदलून झटक्यात येतो, म्हणून मोठ्या शिडाची दोरी क्लीटमध्ये (दोरी पकडून ठेवणाऱ्या खटक्यात) अडकवून ठेवू नका, हातात धरा. एप्रिल-मेमध्ये पूर्वेला काळे ढग जमले तर वळवाची वाट पाहू नका. पावसाच्या आधी जो वारा सुटतो, तो होडी उलटवतो.

उलटल्यावर प्रथम शिडाच्या दोऱ्या सोडा, नाहीतर सरळ होताच ती पुन्हा पडेल. मग नाक वाऱ्याकडे वळवा आणि तळातून बाहेर आलेल्या बोर्डवर (डॅगरबोर्ड किंवा सेंटरबोर्ड) वजन टाका. उथळ पाण्यात डोलकाठीचं टोक गाळात रुततं. तेव्हा बोर्डवर चढून जोर लावलात तर डोलकाठी वाकेल. त्याऐवजी पोहत होडीचा सांगाडा डोलकाठीच्या रेषेत मागे ओढा, टोक सरकत मोकळं होतं, त्यानंतर सरळ करा. मिररच्या मधल्या भागात पाणी उरतं, तेव्हा बादली दोरीने होडीला बांधलेली हवी, सुटी ठेवली तर ती आधी वाहून जाते. मुलांचं लाइफ जॅकेट मानेला आधार देणारी कॉलर आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. पट्टा नसेल तर मूल पाण्यात पडताच जॅकेट कानापर्यंत वर सरकतं.