को-पे भरता आला नाही तर

नागपूरहून अमेरिकेत नोकरीसाठी सहकुटुंब निघण्यापूर्वी तुम्ही विचारले आहे की, विमा असूनही डॉक्टरकडे दर वेळी भरायचा को-पे एखाद्या महिन्यात जमला नाही, तर लहान मुलीला उपचाराविना परत पाठवतील का. व्हिसा आणि बँक खात्याची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, म्हणून ती सोडून देतो. हा प्रश्न मात्र वाचल्यापासून मला स्वस्थ बसू देत नाही.

तातडीच्या विभागातून परत पाठवता येत नाही, साध्या दवाखान्यातून येते. एमटाला या १९८६ च्या कायद्यानुसार, मेडिकेअर या सरकारी योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला आलेल्या प्रत्येकाची तपासणी करावीच लागते, प्रकृती गंभीर असेल तर ती स्थिर होईपर्यंत उपचार करावे लागतात किंवा नियमानुसार अन्यत्र हलवावे लागते, आणि विम्याच्या चौकशीसाठी हे काम लांबवता येत नाही. बिल मात्र त्यामुळे माफ होत नाही. ते मागाहून टपालाने येते, आणि बरेचदा रुग्णालयाचे वेगळे व डॉक्टरांचे वेगळे असते.

आमच्या मुलाला दमा आहे. एकदा नेहमीच्या तपासणीला गेलो असता, मागची बाकी भरल्याशिवाय डॉक्टर पाहणार नाहीत, असे खिडकीवरच्या बाईंनी हसतमुखाने सांगितले. कायद्याने त्या चुकत नव्हत्या, आणि नेमके तेच अजून सलते. अशा वेळी सरकारी अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे उपयोगी पडतात, कारण तेथे उत्पन्नानुसार शुल्क कमी होते आणि पैसे नाहीत म्हणून उपचार नाकारले जात नाहीत. घर भाड्याने घेण्याआधी जवळचे केंद्र शोधून ठेवा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. करसवलत घेणाऱ्या ना-नफा रुग्णालयांना गरजूंसाठी लेखी अर्थसाहाय्य धोरण ठेवावेच लागते. अनेक ठिकाणी विमा असलेल्यालाही त्याच्या वाट्याच्या रकमेसाठी अर्ज करता येतो, मात्र उत्पन्नाची मर्यादा रुग्णालयागणिक बदलते. पहिले बिल आल्यापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज स्वीकारावा लागतो, आणि पहिले १२० दिवस न्यायालयात खेचण्यासारखी कठोर वसुली करता येत नाही. अर्जासोबत पगारपत्रके, कराची विवरणपत्रे आणि बँकेची खातेपत्रके द्यावी लागतात. आमच्याकडून तीच कागदपत्रे पुन्हा मागवण्यात आली आणि दर वेळी दूरध्वनीवर नवीनच व्यक्ती भेटली. एवढे झाल्यावर बिलाचा मोठा भाग माफ झाला.

आपल्याकडेही उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. घरी काम करणाऱ्या मावशींच्या नवऱ्यासाठी माझे बाबा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालत आणि मग धंतोलीतल्या रुग्णालयात त्या योजनेखाली खाट मागत, तेव्हा आपण देणाऱ्यांच्या बाजूचे आहोत, हे मला न बोलता ठाऊक होते. परदेशात चांगल्या पगारावर असलेल्या त्यांच्या मुलाने तसाच अर्ज भरला, हे मी त्यांना सांगितलेले नाही, आणि सांगेन असे वाटतही नाही. हा हक्क आहे, हे मला पटते; हात पसरल्याची भावना मात्र जात नाही.

एकटेपणाचेही तुम्ही विचारले आहे. तो असतो, कामाला लागले की कमी होतो.

नोकरी स्वीकारताना दरमहाचा हप्ता पाहून विम्याची योजना निवडू नका, वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकते तो आकडा पाहा. बिल आल्यावर प्रत्येक बाबीचा तपशील लेखी मागवा, आणि तो हाती येईपर्यंत क्रेडिट कार्डाने पैसे भरू नका, कारण तसे भरले की रुग्णालयाची थकबाकी संपून ते बँकेचे कर्ज होते.