लहानपणी बीसीजी घेतली असेल तर अमेरिकेत टीबीची चाचणी पॉझिटिव्ह येते का?

हातावर टोचून करतात ती त्वचाचाचणी असेल, तर येऊ शकते. टोचलेल्या द्रवातली बरीच प्रथिनं बीसीजीच्या जिवाणूतही असतात. त्यामुळे ४८ ते ७२ तासांनी पट्टी लावून मोजतात ती गाठ निव्वळ लशीचीही असू शकते. म्हणून रक्ताची इग्रा चाचणी मागा (क्वांटिफेरॉन त्यातलीच). ती ज्या प्रथिनांवर चालते, ती बीसीजीत नसतातच. ग्रीन कार्डासाठी तिथे होणाऱ्या तपासणीत २०१८ पासून २ वर्षांवरच्यांना हीच लागते.

इग्रा पॉझिटिव्ह आली तर मात्र बीसीजीकडे बोट दाखवू नका, डॉक्टर ऐकणार नाहीत आणि ते बरोबरच. छातीचा एक्स-रे काढतील. तो स्वच्छ असेल, खोकला-ताप नसेल, तर बहुधा सुप्त संसर्ग. तो दुसऱ्याला लागत नाही, आणि तेवढ्यावरून ग्रीन कार्डही अडत नाही.