बोक्याच्या मिशा आणि यमक

प्रश्न : ‘बोका बसला ओट्यावरती / साय चाटली, मिशी पांढरी’ या माझ्या ओळींचे वृत्त कोणते, आणि त्यांचे यमक लंगडे का वाटते?

उत्तर : वृत्त पादाकुलक आहे; दोन्ही ओळींत 8+8 अशा 16 मात्रा (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन) बिनचूक भरतात. पहिली ओळ चार-चार मात्रांच्या गटांत (बोका, बसला, ओट्या, वरती) ऐटीत बसते, तर दुसरी 3+3+2 अशी (साय, चाट, ली) चोरपावलांनी सटकते, आणि माझ्या मते खरी गंमत या चालबदलातच आहे. यमकात मात्र ‘ती’ आणि ‘री’ यांचा केवळ ईकार जुळतो, व्यंजन जुळत नाही. ‘मिशा सांगती’ असे केल्यास मात्रा तितक्याच राहून ‘वरती’शी यमक साधते, शिवाय चोरीची साक्ष खुद्द मिशाच देतात. (पांढरा रंग वाचकाला न सांगताही दिसतो.)