अंनिसवरच्या लेखातला मजकूर का गेला आणि तो परत कसा आणायचा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आपल्या ज्ञानकोशातल्या 'महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती' (अंनिस) या लेखात तुम्ही तीन रात्री जागून बराच मजकूर घातला. दुसऱ्या दिवशी त्यातला बहुतेक उलटवला गेला, म्हणजे दुसऱ्या संपादकाने काढून जुनी आवृत्ती परत आणली, आणि वर 'जाहिरातसदृश मजकूर' असा साचा (इशाऱ्याची पाटी) लागला. तुम्ही समितीच्या शाखेत काम करता, त्यामुळे कुणीतरी चळवळीवर राग काढतंय असं तुम्हाला वाटलं. "मी लिहिलेलं एकही वाक्य खोटं नाही, मग काढलं का?" असं तुम्ही विचारलंय.

लेखाचा इतिहास उघडून मी जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी ठेवून वाचली. मुद्दाम लिहिलेलं खोटं खरंच काही नाही, एकदोन चुका आहेत त्या पुढे सांगतो. पण तो मजकूर समिती स्वतःबद्दल बोलते तसा झालाय. समितीबद्दल बाहेरच्या माणसांनी काय पाहिलं, काय नोंदवलं, ते ज्ञानकोशात हवं असतं. तुमच्या सोळा संदर्भांपैकी अकरा समितीच्या संकेतस्थळाचे, दोन समितीच्या वार्तापत्राचे आणि दोन 'साधना'चे आहेत. बाहेरचा एकच, तोही एका कार्यक्रमाची बातमी.

'साधना'बद्दल तुम्हाला आश्चर्य वाटेल. ते साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेलं, मोठ्या परंपरेचं साप्ताहिक आहे, यात शंका नाही. पण १९९८ पासून २०१३ पर्यंत त्याचे संपादक स्वतः समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर होते. त्या काळातला समितीविषयीचा मजकूर समितीची भूमिका काय होती हे सांगायला उत्तम आहे. त्या भूमिकेचा समाजावर काय परिणाम झाला, हे सांगायला तो चालणार नाही. संस्थेचं संकेतस्थळ आणि वार्तापत्र यांनाही हाच नियम. स्थापना १९८९ ची, उद्दिष्टं अमुक, पदाधिकारी तमुक, एवढं तिथून खुशाल घ्या. कौतुक मात्र तिथून घेऊ नका.

आता तुमचं एक वाक्य सोडवून बघू. तुम्ही लिहिलंय: 'समितीच्या अथक संघर्षामुळे महाराष्ट्राने देशातला पहिला अंधश्रद्धाविरोधी कायदा केला.' एका ओळीत चार दावे आहेत आणि चारींना मिळून संदर्भ एकच, समितीचं पत्रक.

'अथक' हे मत आहे. ते काढा, काही बिघडत नाही.

'देशातला पहिला' हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांत शेकडो वेळा आलाय, त्यामुळे संदर्भ सहज मिळेल. पण बिहारने डायन ठरवून बाईचा छळ करण्याविरुद्ध १९९९ मध्येच कायदा केला होता आणि छत्तीसगडचा टोनही (चेटकीण) ठरवून होणाऱ्या छळाविरुद्धचा कायदा २००५ चा आहे. महाराष्ट्राच्या कायद्याची व्याप्ती त्यांच्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे. नरबळी, अघोरी उपचार, चमत्काराच्या नावाखाली फसवणूक असे अनेक प्रकार त्याच्या अनुसूचीत आहेत. मग 'पहिला' म्हणण्यापेक्षा कायद्यात काय आहे तेच लिहा: गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. यातून वाचकाला 'पहिला' या शब्दापेक्षा कितीतरी जास्त कळतं, आणि याला आधार थेट राजपत्राचा.

'संघर्षामुळे कायदा केला' हा कार्यकारणाचा दावा आहे आणि खरी अडचण इथेच आहे. घटनाक्रम असा: २००५ मध्ये विधेयक विधानसभेत मंजूर झालं आणि विधान परिषदेत अडकलं. पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कायदा संमत झाला. हा क्रम तारखांसह मांडला की वाचक स्वतःच्या डोक्याने अर्थ लावतो. 'यामुळे ते झालं' असं म्हणायचं असेल तर ते एखाद्या अभ्यासकाच्या नावावर म्हणा, ज्ञानकोशाच्या आवाजात नको.

चौथा दावा लपलेला आहे: हे सगळं एकट्या समितीचं. श्याम मानव यांच्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचाही या कायद्यासाठी पाठपुरावा होता. तुमच्या मजकुरात त्यांचं नावच नाही. तुम्ही मुद्दाम वगळलं असं मी म्हणत नाही, पण बाहेरून वाचणाऱ्याला ते तसं दिसतं.

याच ओघात दोन समित्यांची सरमिसळ सांगतो, कारण या लेखात सगळ्यात जास्त चुका तिथूनच शिरतात. श्याम मानव यांची संघटना नागपूरची, १९८२ ची. दाभोलकर आधी तिच्यातच होते, मग १९८९ मध्ये वेगळे झाले. वृत्तपत्रं दोन्हींना 'अंनिस'च म्हणतात. बातमीत 'अंनिसच्या कार्यकर्त्यांनी' एवढंच असलं तर ती कुणाची, हे खालच्या नावांवरून आणि जिल्ह्यावरून ओळखावं लागतं. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींना दिव्यशक्ती सिद्ध करून दाखवण्याचं तीस लाखांचं आव्हान दिलं ते श्याम मानव यांनी. तुम्ही ती बातमी महाराष्ट्र अंनिसच्या खात्यात घातली आहे. ही एक चूक उलटवणाऱ्याच्या नजरेला पडली आणि त्याचा बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास उडाला. त्याच्या जागी मी असतो तर माझंही तसंच झालं असतं.

'पुरोगामी' या शब्दाबद्दल. पहिल्याच ओळीत तुम्ही 'अग्रगण्य पुरोगामी चळवळ' लिहिलंय. आपल्याकडे हा शब्द एकाच्या तोंडी सन्मान असतो आणि दुसऱ्याच्या तोंडी, मागे 'तथाकथित' लावून, शिवी. मथळ्याखालच्या ओळीत असा शब्द आला की पुढचे सहा महिने त्याच शब्दावर भांडण चालतं. एक जण 'पुरोगामी' घालतो, दुसरा 'हिंदूविरोधी' घालतो, आणि मूळ लेख तिथेच राहतो. दोन्ही काढून टाका. 'अंधश्रद्धा निर्मूलन, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार आणि जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध काम करणारी संघटना' एवढं लिहिलं की काम दिसतं आणि त्यावर कुणाला वाद घालता येत नाही. समिती स्वतःला फुले, शाहू, आंबेडकरांच्या परंपरेतली मानते हे नक्की यावं, पण 'समितीच्या भूमिकेनुसार' या शब्दांसह.

विरोधाचा भाग तुम्ही एका वाक्यात उरकलाय: 'सनातनी शक्तींनी अपप्रचार केला.' तुमची चीड मला समजते. आपला माणूस गमावलेल्या संघटनेतल्या कुणालाही हे थंडपणे लिहिता येणार नाही. तरीही हा परिच्छेद नीट लिहिल्याशिवाय लेख टिकणार नाही. कुणी, कधी, कोणत्या कारणाने विरोध केला हे नावानिशी हवं. काही वारकरी मंडळींना वारी-कीर्तन गुन्हा ठरेल अशी भीती होती. काही हिंदुत्ववादी संघटनांचा विधेयकालाच विरोध होता. त्यानंतर लगेच हेही यायला हवं की वारी, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायदा लागू नाही असं त्यातच लिहिलेलं आहे. अशा मांडणीत समितीची बाजू दुबळी होत नाही. विरोधकांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत आल्यामुळे कुणी येऊन परिच्छेद उडवतही नाही.

खुनाच्या खटल्याबाबत मात्र अतिशय जपून. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. तुमच्या परिच्छेदात पाचही नावं एका ओळीत, 'मारेकरी' या शब्दाखाली आली आहेत. ती ओळ आजच काढा, चर्चा वगैरे नंतर. सुटलेल्या जिवंत माणसाला मारेकरी म्हणणं कायद्यानेही चूक आणि आपल्या धोरणानेही चूक. शिवाय हा तपशील दाभोलकरांच्या चरित्रलेखात असावा. समितीच्या लेखात चार ओळी आणि 'मुख्य लेख' असा दुवा पुरे. नाहीतर तीन दशकांहून जास्त काम केलेल्या संघटनेच्या लेखात अर्धी जागा एका खटल्याला जाते.

तसंच बुवाबाजीच्या प्रकरणांचं. तुम्ही सात प्रकरणं गावाच्या आणि माणसाच्या नावासकट दिलीत आणि सगळ्यांना आधार गुन्हा नोंदवल्याच्या बातमीचा. पुढे काय झालं? निकाल लागला असेल तर तो शोधा. नसेल तर नाव नको. प्रकरणही मोठ्या प्रमाणावर गाजलं असेल तरच ठेवा.

मग संदर्भ आणायचे कुठून? इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मराठी लेखांचं दुखणं हेच आहे. १९८९ ते साधारण २००५ या काळातली मराठी वृत्तपत्रं आंतरजालावर जवळजवळ नाहीत. 'गुगलवर सापडत नाही' म्हणून पुष्कळ लोक तो काळच गाळतात आणि समिती जणू २०१३ साली जन्मली असा लेख तयार होतो. छापील संदर्भ पूर्ण ग्राह्य आहे, दुवा असायलाच हवा असं कुठेही नाही. जिल्ह्याच्या नगर वाचनालयात जुने अंक बांधून ठेवलेले असतात, ते मागा. टिपून घेताना वृत्तपत्राचं नाव आणि तारीख यांबरोबर आवृत्ती आणि पान क्रमांक लिहाच. सातारा आवृत्तीतली बातमी पुणे आवृत्तीत नसते, आणि पडताळायला बसलेला माणूस चुकीच्या आवृत्तीत ती शोधत राहतो आणि शेवटी 'संदर्भ खोटा' असा शेरा मारतो. आंतरजालावरची बातमी वापरली तर त्याच दिवशी वेबॅक मशीनवर (संकेतपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर) तिची प्रत जतन करा. मराठी वृत्तपत्रांचे जुने दुवे फार लवकर मरतात.

वृत्तपत्रांच्या वरचा संदर्भही उपलब्ध आहे. योहानेस क्वाक या अभ्यासकाने महाराष्ट्रात राहून याच समितीचा अभ्यास केला आणि त्यावरचा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०१२ मध्ये काढला. बाहेरचा माणूस, तज्ज्ञांनी तपासलेलं पुस्तक, आणि विषय नेमका आपला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. त्यातून आधार घेतलेले दहा परिच्छेद तुमच्या सोळा संदर्भांपेक्षा भक्कम ठरतील.

आकड्यांच्या बाबतीत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संघटनेच्या लेखात मी शाखांची संख्या एका वृत्तपत्राच्या पुरवणीतून घेतली. पुढे कुणीतरी शंका काढली म्हणून इतिहास तपासला, तर तो आकडा पुरवणीच्या आधी आठ महिने आमच्याच लेखात एका अनामिक अंकपत्त्यावरून (आयपी पत्त्यावरून), विनासंदर्भ आला होता. पुरवणीने तो आमच्याकडून उचलला आणि मी तो पुरवणीकडून परत आणला. दोन वर्षं तो तसाच होता आणि तोवर दोन भाषणांतही पोहोचला होता. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून शाखा, सभासद, कार्यक्रम असा कोणताही आकडा मी 'अमुक सालच्या संस्थेच्या अहवालानुसार' असंच लिहितो आणि बातमीची तारीख लेखाच्या इतिहासाशी ताडून बघतो.

आणखी थोडं. तुमच्या सदस्यपानावर 'मी समितीची कार्यकर्ती आहे' असं सरळ लिहून टाका. लपवलेलं नातं नंतर उघड झालं की चांगलं कामही संशयात जातं. संकेतस्थळावरचे परिच्छेद जसेच्या तसे आणू नका, संस्थेची हरकत नसली तरी प्रताधिकाराचा प्रश्न राहतोच. आणि एका वेळी सगळं चढवू नका. एक परिच्छेद धूळपाटीवर, म्हणजे तुमच्या सरावाच्या पानावर, लिहा, चर्चा पानावर दाखवा, दोन दिवस थांबा, मग संपादन सारांशात (बदल जतन करतानाच्या टिपेत) कारण लिहून लेखात न्या.

सुरुवात शनिशिंगणापूरपासून करा असं मी सुचवेन. तुमचं वाक्य आहे, 'समितीच्या आंदोलनामुळे चौथरा स्त्रियांना खुला झाला.' यात तीन धागे आहेत: समितीचं २००० सालचं आंदोलन आणि न्यायालयात जाणं, २०१६ च्या सुरुवातीचं भूमाता ब्रिगेडचं आंदोलन, आणि विद्या बाळ व नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला आदेश. त्यानंतर गुढीपाडव्याला, ८ एप्रिल २०१६ रोजी, चौथरा उघडला. तिन्ही धाग्यांना स्वतंत्र संदर्भ शोधा. पहिल्या धाग्यासाठी अहमदनगर आवृत्त्यांचे २००० सालचे अंक पाहावे लागतील, आणि तुमच्या शाखेतल्या ज्येष्ठांना त्या तारखा आठवत असतील, म्हणजे शोध सोपा होईल. परिच्छेद धूळपाटीवर आला की मला सांगा, मी शनिवारी बसून एकेक संदर्भ तुमच्याबरोबर तपासतो.