रांगेत उभं असलेलं पोर

प्रिय,

अनेक आशीर्वाद. अध्यापक विद्यालयात, म्हणजे उद्याचे शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात, शिकवायला रुजू झालास हे कळलं. पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांनी "तुम्ही खो-खोचे खेळाडू ना?" म्हणत शारीरिक शिक्षण तुझ्या गळ्यात घातलं, हेही कळलं. असंच होतं रे. माझ्या गळ्यात ते का पडलं माहितीये? स्टाफमध्ये सगळ्यात लहान मी होते आणि सायकल चालवायचे. एवढीच माझी पात्रता.

तू तयार पाठ टाचणं, म्हणजे तासांचे लेखी आराखडे, मागितली आहेस. आहेत माझ्याकडे, दोन फायली भरून. पण देणार नाही. दिलीस तू वर्गात, की पोरं पूरक हालचाली, मुख्य भाग, मनोरंजक खेळ, विसर्जन असे रकाने सुंदर अक्षरात उतरवून आणतील आणि तू खाली सही ठोकशील. मी अशा सह्या आयुष्यभर ठोकल्या. पाठ चांगला झाला की नाही, ते त्या वहीतून मला कधी कळलं नाही.

आधी समोर कोण बसलंय ते बघ. तुझे छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणारी ही पोरं, क्रीडाशिक्षक होणार नाहीत. ते पहिली ते पाचवीचे शिक्षक होणार, बरेचसे द्विशिक्षकी शाळेत. मराठी, गणित, परिसर अभ्यास, शालेय पोषण आहाराचा हिशेब आणि खेळाचा तास, सगळं एकाच माणसाकडे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकाची, तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर. खालच्या वर्गांना तेवढंही नाही. म्हणजे तुझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची, मैदानाचं नाव काढलं की ओढणी सावरत मागे सरकणारी मुलगी, हीच उद्या वीस-पंचवीस पोरांची पीटीची बाई आहे.

तिला पहिल्या दिवशी पळायला लावू नकोस. "तुमच्या शाळेतला पीटीचा तास आठवा आणि एक पान लिहा," म्हण. नावं लिहू नका म्हणून सांग, म्हणजे खरं लिहितील. मी दरवर्षी हे करायचे. उन्हात सावधानमध्ये उभं राहणं, गृहपाठ केला नाही म्हणून मैदानाला फेऱ्या, गणिताच्या सरांनी घेतलेला तास, मुलांना चेंडू आणि मुलींना झाडाखाली सागरगोटे. ही पानं त्यांना वाचून दाखव. फेऱ्या आणि उठाबशा शिक्षा म्हणून दिल्या की पोराच्या डोक्यात पळणं म्हणजेच शिक्षा हे पक्कं बसतं, आणि पुढे चाळिशीत डॉक्टरांनी चालायला सांगितलं तरी ते निघत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं शारीरिक शिक्षेला बंदी आहे हे सगळ्यांना पाठ असतं. फेऱ्या त्यात मोडतात हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता तुझा खो-खो. रागावू नकोस. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत आपल्या दोन्ही संघांनी विश्वचषक जिंकला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मीही टीव्हीसमोर ओरडत होते. पण तिसरीच्या वर्गाला नियमाचा खो-खो लावून बघ. आठ जण पाटीवर बसलेले, एक पाठलाग करणारा, तीन पळणारे. म्हणजे एका वेळी हलतात चार. बाकीचे एक तर बसलेत, नाही तर रेषेबाहेर धुळीत चित्रं काढतायत. स्पर्धेला तो खेळ राजा आहे, वर्गाच्या तासाला तो बसण्याचा खेळ होतो. त्यापेक्षा पाच-सहा जणांची छोटी वर्तुळं कर, प्रत्येकात एक पळणारा, एक पकडणारा, खो पटापट. तू मोठा खेळाडू आहेस म्हणूनच तुला हे जड जाणार. ज्याला खेळ येतो त्याला तो मोडवत नाही.

हाच हिशेब चेंडूचा. तीस मुलं, एक रांग, एक चेंडू. एकाच्या पाळीला बारा सेकंद धर. रांग एकदा फिरायला सहा मिनिटं. तीस मिनिटांच्या तासात प्रत्येकाला पाच पाळ्या, म्हणजे एकूण एक मिनिट. उरलेली एकोणतीस मिनिटं पुढच्याच्या शर्टाची कॉलर बघायची. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते, आणि आपण एक मिनिट देऊन "तास झाला" लिहितो. हे गणित तू सांगू नकोस, फळ्यावर त्यांच्याकडूनच करून घे. मग चिंध्यांचे, जुन्या मोज्यांचे पंधरा चेंडू शिवायला बसव. साहित्य नाही ही सबब त्या दुपारी संपते.

माझी एक फजिती सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सराव शाळेत दिग्दर्शन पाठ घेत होते, मागे चाळीस छात्राध्यापक वह्या घेऊन. तळ्यात-मळ्यात लावला. माझा आवाज खणखणीत, मुलं खूश, मी त्याहून खूश. पाच मिनिटांत वर्गातली निम्मी मुलं बाद होऊन कडेला. त्यात एक बारकी मुलगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसलेली. "लवकर बाद झालीस गं?" विचारलं, तर अगदी सहज म्हणाली, "मी रोजच पयली." तक्रार नव्हती, रोल नंबर सांगावा तसं सांगितलं. सगळ्यात जास्त सराव जिला हवा तिला मी सगळ्यात आधी घरी पाठवत होते, आणि मागचे चाळीस जण ते टिपून घेत होते. तेव्हापासून माझ्या पाठात बाद झालेलं पोर कडेला बसत नाही. एका पायावर पाच उड्या मारतं आणि परत खेळात येतं.

आपल्या पोरांना हे आपल्याआधी सुचलंय. गल्लीत लिंबूटिंबू असतो की नाही? धाकटा भाऊ मागं लागला म्हणून घेतलेला, आऊट न होणारा. भिडू निवडतानाही दोन सारख्या ताकदीचे गळ्यात हात घालून लांब जातात, गुपचूप नावं घेतात आणि येऊन विचारतात, सूर्य घेणार की चंद्र? जोडी आपोआप फुटते, संघ सारखे होतात आणि "उरलेला कोण" हा प्रश्नच येत नाही. दोन कप्तान उभे करून एकेक नाव पुकारायची पद्धत कुणी शोधली देव जाणे. लिंबूटिंबूचं मात्र जपून. पहिलीतल्याला तो मान वाटतो, चौथीतल्याला केला तर तो दुसऱ्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी राहतो.

तुझं खरं काम छात्राध्यापकांचे डोळे तयार करायचं आहे. स्वतः सूर्यनमस्कार घालून दाखवणं सोपं. झेल सुटला की आपण म्हणतो "लक्ष दे". अरे, त्याचं लक्षच असतं, म्हणून तर घाबरतो! नीट बघ: चेंडू हातभर अंतरावर आला की मान वळते, डोळे मिटतात, दोन्ही हात सुपासारखे ताठ पुढे येतात आणि चेंडू छातीवर आपटून पडतो. त्याला लांबून आणखी दहा झेल देऊन काही होत नाही. रुमाल दे, वर उडवून पकडू दे. रुमाल सावकाश उतरतो आणि लागत नाही. मग फुगा, मग चिंध्यांचा चेंडू स्वतःच उडवून, मग जमिनीवर एक टप्पा देऊन, आणि सगळ्यात शेवटी दोन पावलांवरच्या जोडीदाराकडून. डोळे उघडे राहायला लागले की अर्धं काम झालं.

फेकीचंही तसंच. उजव्या हातानं फेकणारं लहान पोर उजवाच पाय पुढे टाकतं, मग चेंडू पायापाशी पडतो. "जोरात टाक" म्हणून पाय बदलत नाही. फक्कीनं जमिनीवर डाव्या पावलाचा ठसा काढ, त्यावर पाय आपटून फेकायला सांग. डावखुऱ्याला उजवा ठसा. छात्राध्यापकाला आधी या दोन गोष्टी ओळखता आल्या पाहिजेत, खेळाच्या मैदानांची मापं नंतर पाठ करू देत.

म्हणून सराव पाठाला एक बदल कर. एकजण पाठ घेईल, बाकीचे पाठावर शेरे लिहिणार नाहीत. प्रत्येकाला एक मूल वाटून दे आणि तास संपेपर्यंत फक्त त्याच्याकडे बघायला सांग. ते किती वेळ हललं, चेंडू हाताला किती वेळा लागला, शिक्षकानं त्याचं नाव किती वेळा घेतलं, इतकंच रेघा मारून टिपायचं. पाठ घेणाऱ्याला त्या रेघा दाखव, तू काही बोलू नकोस. आणि हे वर्गमित्रांना मुलं करून कधीच घेऊ नकोस. वीस वर्षांची माणसं "दाहिने मुड" म्हटलं की वळतात, सात वर्षांची वळता वळता फुलपाखरामागे जातात.

बाकी बारीकसारीक तुला येईलच. सूर्य आपल्या डोळ्यांवर घ्यायचा, मुलांच्या नाही. शिट्टीचा अर्थ एकच, थांबा. खिचडी खाल्ल्या खाल्ल्या पळवायचं नाही. अनवाणी पोरं असतात, तेव्हा सराटे आणि काचा आधी आपण वेचायच्या. कमी दिसणारं मूल असेल तर चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळ, सळसळ आवाजावर ते धावतं. कोकणात पाठ असेल तर पावसाळ्यात पडवीतले खेळ हाताशी ठेव, नाहीतर जून ते सप्टेंबर तास कागदावरच होतो.

एक गोष्ट मात्र मला तुझ्याकडून हवीच. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर मुलाची प्रगती बघत करायच्या, वर्णनात्मक नोंदी. "खेळात आवडीने भाग घेतो" हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की डोळे मिटून लिहीन. तयार नोंदींच्या पुस्तिकेतून पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना तेच, शाळेत न येणाऱ्यालाही. तुझ्या छात्राध्यापकानं "जूनमध्ये रुमाल सुटायचा, आता टप्प्याचा झेल घेतो, डाव्या बाजूचा अजून सुटतो" असं एका मुलाबद्दल लिहिलं, तर ते पान फोटो काढून मला पाठव.

गुरुवारी सराव शाळेत जाणार म्हणालास. तिथलं मैदान उताराचं आहे, फक्की जास्त ने, आणि रेषा उताराला आडव्या मार. नाहीतर सगळे चेंडू खालच्या विहिरीकडे जातात. माझे दोन अजून तिथेच असतील.

तुझ्या
बाई